सूर्याची वेळ, घड्याळाची वेळ

श्रोतेहो, गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी साडेसातचा तास होता. मी मोठ्या उत्साहाने इतिहास शिकवत होतो आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी खुशाल पेंगत होता. आपल्या व्याख्यानात कुणी झोपलेले प्राध्यापकाला खपत नाही, हे आपण जाणताच. मी त्याला उभे केले आणि जरा टोचूनच विचारले, "काय रे, रात्री सिनेमाला गेला होतास काय?" तो म्हणाला, "नाही सर. रातची लाईट होती. गव्हाला पाणी धरलं. साडेतीनला लाईट गेली, मग घरी आलो." वर्गात कुणी हसले नाही. निम्म्या वर्गाच्या घरी तीच कथा होती. मी त्याला खाली बसवले, आणि खरे सांगतो, त्या तासाला पुढे काय शिकवले ते मला आठवत नाही.

घरी जाताना एकच विचार डोक्यात घोळत राहिला. गव्हाला पाणी हवे हे खरे. पण ते मध्यरात्रीच हवे, असे शेतकीच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. माणसाने आणि बैलाने पिढ्यान् पिढ्या जी वेळ विश्रांतीची मानली, त्या वेळी एक विशीतला मुलगा हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाचे आणि आता बिबट्याचेही भय मनात धरून, चिखलात उभा का राहतो? 'लाईट तेव्हा असते म्हणून,' हे उत्तर झाले. पण ते अपुरे आहे. आपला दिवस सूर्याच्या हातून निघून घड्याळाच्या हाती कसा गेला, या लांबलचक गोष्टीतला तो शेवटचा अध्याय आहे. त्याआधीचे अध्याय आज आपल्यापुढे ठेवावेत, असे मनात आहे.

आपल्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या बोलण्याकडे जरा कान द्या. झुंजुमुंजु झालं, तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, दिवस माथ्यावर आला, दिवस कलला, गुरं परतली, दिवेलागण झाली, निजानीज झाली. ही सगळी वेळेची नावे आहेत. पण यातल्या एकाही नावात आकडा नाही. 'कासराभर' या शब्दाचे मला फार कौतुक वाटते. बैलाच्या कासऱ्याएवढा सूर्य क्षितिजापासून वर चढला, असे ते माप. ज्याच्या हातात दिवसभर कासरा, तो आभाळही कासऱ्यानेच मोजणार! रात्री तिकांडं कुठवर आलं, शुक्राची चांदणी उगवली का, यावरून मोट जुंपायची वेळ कळे. त्यासाठी कुणाला गजर लावावा लागत नसे.

याचा अर्थ आपल्याकडे काटेकोर कालगणना नव्हती, असा मात्र कुणी करू नये. अहोरात्राच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची; आणि घटकेची साठ पळे. घटका मोजायचे साधन अगदी साधे. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीकसे भोक. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरे आणि बुडे. बुडाली की एक घटका झाली. लग्नाच्या मुहूर्तासाठी हे घटिकापात्र अगदी अलीकडच्या काळापर्यंत मांडले जाई. 'घटकाभर बस', 'पळभर थांब', 'त्याची घटका भरली' हे आपण आजही बोलतो ते त्या वाटीच्याच जोरावर. एवढेच कशाला, घड्याळ हा शब्दसुद्धा घटकेच्याच घराण्यातला आहे.

पण हे मोजमाप मुहूर्तापुरते, पूजेपुरते होते. कामाचा दिवस सूर्याचाच होता, आणि तो वर्षभर सारखा नसे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. दिवसाचे चार प्रहर पाडले की उन्हाळ्यातला प्रहर लांबतो आणि हिवाळ्यातला आखडतो. काम त्याप्रमाणे वाढे, कमी होई.

इथे एक इशारा आधीच देऊन ठेवतो. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. सूर्याची वेळ ही धन्याचीही वेळ होती. ज्याला स्वतःचे रान नव्हते, जो सालगडी होता, त्याचा दिवस तांबडे फुटण्याआधी सुरू होई आणि दिवेलागणीनंतरही संपत नसे. आपण किती तास राबलो, हे विचारायची सोय नव्हती. कारण तास मोजलेलेच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता आगगाडीकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण त्या गाडीने आपल्याबरोबर काय आणले, ते पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तोवर प्रत्येक गावाची वेळ ही त्या गावची स्वतःची होती. सूर्य माथ्यावर आला की त्या गावी मध्यान्ह. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते आणि पश्चिमेकडच्या गावी नंतर. नागपूरला सूर्य माथ्यावर आला की त्यानंतर सुमारे तेवीस मिनिटांनी तो रत्नागिरीच्या माथ्यावर येतो. बैलगाडीने किंवा पायी जाणाऱ्याला या तेवीस मिनिटांचे काय होय? त्याला ती जाणवतही नसत. पण आगगाडीला एकच वेळापत्रक लागते. एकाच रुळावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची घड्याळे वेगळी असतील, तर काय होईल ते सांगायला नको.

१८७० साली जबलपूरजवळ मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. १८७१ साली रायचूरला मुंबई आणि मद्रासचे रूळ मिळाले. मग रेल्वेने सगळ्या देशासाठी मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासूनची वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येई, आणि मुंबई व कलकत्ता यांच्या मध्ये पडणारी अशीही ती वेळ होती. सोय झाली, पण मुंबईत दोन वेळा नांदू लागल्या. स्टेशनाची मद्रासवेळ मुंबईवेळेच्या तीस मिनिटे पुढे. शहरातल्या घड्याळावर विसंबून कुणी आरामात स्टेशन गाठावे, तर गाडी सुटून अर्धा तास झालेला!

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांनी ठरवले की सरकारी कचेऱ्यांतूनही मद्रासवेळच चालावी. ज्यांच्या नावाने पुण्याचे फर्गसन कॉलेज आहे, तेच हे गृहस्थ. लोकांना ते मुळीच रुचले नाही. आमचा सूर्य मुंबईत उगवतो, आम्ही मद्रासच्या सूर्याने का उठावे, असा एकंदर सूर होता. राजाबाई मनोऱ्यावरच्या विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावरही वाद माजला. शेवटी १८८३ साली सरकारने माघार घेतली. इंग्रज सरकारने एखाद्या बाबतीत माघार घेतली आणि तीही घड्याळाच्या काट्याच्या बाबतीत, हे ऐकून वर्गात मुले नेहमी खूश होतात.

ती माघार तेवीस वर्षे टिकली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. मिर्झापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेखावृत्त-रेषा, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. जी आपण आजही पाळतो तीच. मुंबईच्या सूर्यापेक्षा ही वेळ एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. मागच्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीचे वारे वाहत होते. तेव्हा सरकारकडून येणारी वेळसुद्धा लोकांनी संशयानेच पाहिली. मुंबईतल्या एका गिरणीतल्या कामगारांनी त्या जानेवारीतच नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. त्यांचे म्हणणे नीट समजून घ्या. जानेवारीच्या आरंभी मुंबईला सूर्य प्रमाणवेळेने सव्वासातच्या आसपास उगवतो. मुंबईवेळेने तेव्हा जेमतेम साडेसहा झालेले असत. भोंगा तोच, आकडाही तोच. पण पाऊण तास आधी, अंधारात घराबाहेर पडायचे. एकोणचाळीस मिनिटे कागदावर किरकोळ दिसतात. कोकणातून येऊन दहा-बारा जणांच्या खोलीत अंग टेकणाऱ्या माणसाला ती झोपेतून द्यावी लागणार होती. मुंबईच्या महापालिकेनेही त्याच वर्षी जुन्या मुंबईवेळेकडे परत जायचे ठरवले आणि ती हट्टाने १९५५ पर्यंत पाळली. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात तर सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत साऱ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती. त्या तीन वर्षांत 'किती वाजले?' या प्रश्नाला 'कुणाच्या घड्याळात?' असे विचारणेच योग्य झाले असते.

मंडळी, इथवर ऐकून आपल्याला वाटेल की घड्याळ हा खलनायक आणि सूर्य बिचारा सज्जन. गिरणीचाच इतिहास आपल्याला तसे म्हणू देत नाही.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभारायला घेतली गेली. सुरुवातीच्या काळात गिरण्या सूर्योदयाला सुरू होत आणि सूर्यास्ताला बंद होत, कारण अंधारात सूत दिसत नसे. म्हणजे गिरणीचा दिवसही कुणब्याच्या दिवसासारखाच, उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड. फक्त बांधावरच्या झाडाची सावली तेवढी नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि एक मागणी अशी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. या मागणीपाशी मी नेहमी थांबतो. तिचे एक टोक घड्याळाला बांधलेले आहे आणि दुसरे सूर्याला! जुने आणि नवे जग एका वाक्यात इतके जवळजवळ क्वचितच भेटते. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली. आज आपण शाळेला जी रविवारची सुट्टी घेतो, ती घेताना या माणसाची आठवण गुरुजींनी मुलांना जरूर करून द्यावी.

पुढे गिरणीत विजेचे दिवे आले. तोवर कामाच्या दिवसाला सूर्यास्ताचा बांध होता. दिवे आले तसा तो बांध फुटला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या काही गिरण्यांत दिवस चौदा तासांच्याही वर गेला. सूर्य मावळला तरी मालकाचा दिवस मावळेना. मग हा फुटलेला बांध पुन्हा घातला कशाने? घड्याळानेच. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती अकरा तासांची झाली, १९३४ साली दहा तासांची, आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले. तासांवर मर्यादा घालायची तर आधी तास मोजावे लागतात. सालगड्याची आठवण मी मघाशी ठेवायला सांगितली ती एवढ्यासाठीच. कामगाराला जे घड्याळ जाचत होते, तेच घड्याळ पुढे त्याने आपल्या बाजूला ओढून घेतले. शेतात राबणाऱ्याच्या बाजूने मात्र ते फारसे कधी आलेच नाही.

निसर्गाची वेळ म्हणून आपण ज्याला डोळे झाकून मान देतो, तीही तपासून घ्यावी लागते, हेही जाता जाता सांगतो. मृग नक्षत्र म्हटले की ७ किंवा ८ जून, आणि मृगाला पाऊस, असे आपण धरून चालतो. पण नक्षत्रे आणि ऋतू यांची चाल थोडी वेगळी आहे. सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात शिरे तो आजच्या हिशेबाने मेच्या मध्याच्या आसपास. तेव्हाच्या शेतकऱ्याला पेरणीचे नक्षत्र वेगळे धरावे लागले असणार. हीच गफलत दूर करण्यासाठी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सौर पंचांग तयार केले आणि ते २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. आकाशवाणीवरून आपण भारतीय सौर दिनांक ऐकता, तो त्या पंचांगाचा. किती जण तो दिनांक ऐकून काही करतात, हे मात्र विचारू नका.

आता पुन्हा त्या पेंगणाऱ्या मुलाकडे येऊ. त्याच्या पणजोबांची मोट होती. मोट पहाटे जुंपत, उन्हं तापली की सोडत. कारण बैल थकत, आणि बैलाला थकू देणे हा शेतकऱ्याला तोटा होता. बैलाचा थकवा हीच पाणी उपसण्याची मर्यादा, ती माणसालाही लागू पडे. मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटार आली. १९६० साली महाराष्ट्रात वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत तारा वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचल्या. यातून जे सुख आले ते खोटे नाही. बटण दाबले की पाणी. बैलाच्या मानेवरचे जू उतरले.

पण विजेला एक खोड आहे. धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येईल, अशी ती नाही; मोठ्या प्रमाणावर साठवायची तर फार महाग पडते. ज्या क्षणी तयार झाली, त्याच क्षणी वापरावी लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकाने. संध्याकाळी घरोघरचे दिवे, पंखे. साऱ्यांची मागणी एकदम आली की वीज पुरत नाही. मग जो थांबू शकतो त्याला थांबवायचे. थांबू कोण शकतो? पीक तक्रार करत नाही. म्हणून शेतीच्या फीडरला पाळी लावली गेली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शहर झोपल्यावर उरलेली वीज रानात येते आणि तिच्या मागोमाग माणसालाही रानात जावे लागते. गिरणी कामगाराची रात्रपाळी निदान नोंदवहीत लिहिली जाई. या रात्रपाळीची नोंद कोणत्याच वहीत नाही. तिला कायद्याची तासांची मर्यादा नाही, जादा भत्ता नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तास असतो तो असतोच. मला हे बरोबर वाटत नाही, एवढे स्पष्ट बोलायला हरकत नसावी.

गंमत अशी की या अध्यायाचे पान आता सूर्यच उलटू लागला आहे. सूर्यप्रकाशापासून होणारी वीज ऐन दुपारी भरात असते आणि संध्याकाळी मावळते. म्हणजे आता स्वस्त वीज रात्री नव्हे, दुपारी शिल्लक पडू लागली. शेतीच्या फीडरला सौर वीज जोडून दिवसा पुरवठा करावा, अशी योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली ती वाढवण्यात आली. काही गावांना दिवसाची लाईट मिळू लागली आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या गावी ती अद्याप पोचलेली नाही. पोचली की दिवस कासराभर वर आल्यावर मोटार चालू करायची आणि दिवस कलला की बंद, असा पणजोबांचाच रिवाज त्याच्या घरी परत येईल. तोही एका अत्याधुनिक काचेच्या तावदानामुळे!

शिक्षक-बंधुभगिनींना एक छोटा प्रयोग सुचवतो. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी उभी रोवा. आपल्या जुन्या ज्योतिषांचा शंकू तो हाच. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तुमच्या गावचा खरा मध्यान्ह. तेव्हा घड्याळात किती वाजले आहेत ते मुलांना लिहून घ्यायला सांगा. बारा वाजलेले नसतील. पुण्याच्या आसपास सरासरी चौतीस मिनिटे जास्त झालेली असतील, नागपूरला चौदाच्या घरात. ऋतूप्रमाणे यात पाव तास इकडेतिकडे होतो. फेब्रुवारीत मध्यान्ह बराच उशिरा होतो, नोव्हेंबरच्या आरंभी लवकर.

आम्ही हा प्रयोग कॉलेजच्या मैदानावर फेब्रुवारीत केला. आमचे गाव पुण्याच्या थोडे पूर्वेला. खडे मांडायचे काम मी मुद्दाम त्याच मुलाकडे दिले होते. सर्वांत आखूड सावली आली ती पावणेएकच्या सुमारास. तो बराच वेळ खड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, रात्री बाराला मी दारं धरायला जातो, तेव्हा खरे बारा वाजलेलेच नसतात."

मी म्हणालो, "नसतात. अजून पाऊण तास बाकी असतो."

"मग तेवढी पाऊण तास झोप," तो म्हणाला, "कुणाकडे मागायची?"